ठक्कर बाप्पा

अमृतलाल विठ्ठलदास ठक्कर ऊर्फ ठक्कर बाप्पा (जन्म : भावनगर, २९ नोव्हेंबर १८६९, मृत्यू : भावनगर, २० जानेवारी १९५१) हे भारतीय समाजसेवक, स्थापत्य अभियंता, भिल्ल सेवा मंडळाचे संस्थापक आणि भारताच्या संविधान सभेचे सदस्य होते. आसाम वगळता उर्वरित भारतातील आदिवासी क्षेत्रांचा विचार करण्यासाठी संविधान सभेच्या कामकाजात १९४७ साली जी उपसमिती नेमण्यात आली, तिचे ते अध्यक्ष होते. राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीचा आणि अनुसूचित जमातींसाठी राखीव जागांच्या तरतुदीचा पाया घालण्यात या उपसमितीच्या अहवालाचा मोठा वाटा आहे. आजच्या नंदुरबार जिल्ह्यातील सातपुड्याचा पट्टा हा या तरतुदी लागू झालेल्या प्रदेशांपैकी एक होय.

जन्म, शिक्षण आणि नोकरी

ठक्कर यांचा जन्म काठेवाडातील भावनगर येथे एका मध्यमवर्गीय लोहाणा कुटुंबात झाला. शालेय शिक्षण भावनगर येथे पूर्ण केल्यानंतर ते पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात दाखल झाले आणि तेथून त्यांनी स्थापत्य अभियांत्रिकीची एल.सी.ई. ही पदवी मिळवली. त्यानंतर त्यांनी पोरबंदर संस्थानात अभियंता म्हणून काम केले. विसाव्या शतकाच्या आरंभी पूर्व आफ्रिकेतील युगांडा रेल्वेच्या बांधकामावर ते काही वर्षे होते. तेथून परतल्यावर ते सांगली संस्थानाच्या सेवेत रुजू झाले. सांगलीच्या वास्तव्यात त्यांचा धोंडो केशव कर्वे व गोपाळ कृष्ण गोखले यांच्याशी परिचय झाला. महाराष्ट्रातील समाजसुधारणेच्या प्रवाहाशी त्यांचा जो संबंध जुळला, तो पुढे आयुष्यभर टिकला.

सांगलीनंतर ते मुंबई नगरपालिकेत अभियंता झाले. शहरातील कचरा बाहेर वाहून नेणाऱ्या छोट्या रेल्वेची देखरेख त्यांच्याकडे होती. या कामाच्या निमित्ताने सफाई कामगारांच्या वस्त्या, त्यांच्यावरील सावकारी कर्ज आणि त्यांना सहन करावी लागणारी अस्पृश्यता त्यांनी जवळून पाहिली. या कामगारांसाठी त्यांनी शिक्षणाची व सहकारी पतपुरवठ्याची सोय करण्याचा प्रयत्न केला. विठ्ठल रामजी शिंदे यांच्या कार्याचाही त्यांच्यावर प्रभाव पडला.

भारत सेवक समाज

फेब्रुवारी १९१४ मध्ये, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, ठक्करांनी नगरपालिकेची नोकरी सोडली आणि गोखल्यांनी पुण्यात १९०५ साली स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाचे सदस्यत्व पत्करले. समाजाच्या सदस्यांना अल्प मानधनावर आजन्म सार्वजनिक कार्य करावे लागे. १९१५ साली महात्मा गांधींनी अहमदाबादजवळ कोचरब येथे आश्रम सुरू केला, तेव्हा दूदाभाई या अस्पृश्य मानल्या गेलेल्या गृहस्थांच्या कुटुंबाला आश्रमात प्रवेश द्यावा, अशी शिफारस ठक्करांनीच पत्राद्वारे केली होती. या प्रवेशामुळे आश्रमाला मिळणारी आर्थिक मदत काही काळ थांबली. तथापि गांधींनी निर्णय बदलला नाही.

यानंतरच्या काळात गुजरात, ओरिसा व अन्य प्रांतांतील दुष्काळनिवारणाच्या कामात ठक्कर गुंतले होते. दुष्काळी भागांतील या भटकंतीतच डोंगराळ प्रदेशातील आदिवासींच्या उपासमारीकडे त्यांचे लक्ष गेले.

भिल्ल सेवा मंडळ

पंचमहाल जिल्ह्यातील दुष्काळात काम करीत असताना तेथील भिल्लांची अवस्था पाहून ठक्करांनी १९२२ साली दाहोद येथे भिल्ल सेवा मंडळाची स्थापना केली. पंचमहाल हा तेव्हा मुंबई इलाख्याचाच एक जिल्हा होता. आदिवासी मुलांसाठी आश्रमशाळा व वसतिगृहे, दवाखाने, सहकारी पतपेढ्या, तसेच सावकारी व दारूच्या व्यसनाविरुद्ध प्रचार असे मंडळाच्या कामाचे स्वरूप होते. मंडळाच्या आजीव सेवकांना वीस वर्षे काम करण्याची प्रतिज्ञा घ्यावी लागे. या सेवकांपैकी लक्ष्मीदास श्रीकांत हे पुढे स्वतंत्र भारतात अनुसूचित जाती व जमातींचे पहिले आयुक्त झाले. ठक्करांना बाप्पा हे नाव याच काळात रूढ झाले.

मंडळाच्या कामातून ठक्करांचा एक ग्रह पक्का झाला. शाळा आणि दवाखाना काढून आदिवासींचे काही प्रश्न सुटतात. परंतु जमीन, जंगल आणि कर्ज यांविषयीचे निर्णय जेथे घेतले जातात, तेथे त्यांचा प्रवेश नसेल तर मिळवलेले टिकत नाही. मुंबई सरकारने १९२८ साली ओ. एच. बी. स्टार्ट यांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्य वर्ग व आदिवासी जमातींच्या परिस्थितीची पाहणी करणारी समिती नेमली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर, डॉ. पी. जी. सोळंकी यांच्यासह ठक्कर हे या समितीचे सदस्य होते. समितीने १९३० साली आपला अहवाल सादर केला.

१९३२ साली हरिजन सेवक संघ स्थापन झाला, तेव्हा घनश्यामदास बिर्ला अध्यक्ष आणि ठक्कर सरचिटणीस झाले. १९३३-३४ मधील गांधींच्या देशव्यापी हरिजन दौऱ्याची व्यवस्था त्यांनी पाहिली. या काळात संघटनात्मक कामाचा मोठा भार असतानाही त्यांचा आदिवासी भागांतील प्रवास चालू राहिला.

वगळलेले प्रदेश आणि पश्चिम खानदेश

ठक्करांच्या घटनात्मक कार्याचे स्वरूप समजण्यासाठी ब्रिटिश काळातील व्यवस्था लक्षात घ्यावी लागते. १८७४ च्या अनुसूचित जिल्हे कायद्याने देशातील काही प्रदेश सर्वसाधारण कायद्यांच्या अंमलापासून बाजूला ठेवले. मुंबई इलाख्यातील अशा प्रदेशांत खानदेशातील मेवासी सरदारांच्या गावांचा समावेश होता. तापी आणि नर्मदा यांच्या दरम्यान सातपुड्यात असलेल्या या लहान जहागिरी प्रामुख्याने भिल्ल सरदारांकडे होत्या. काठी, नाल, सिंगपूर व नवलपूर येथील पाडवी, गव्हाळीचे वळवी आणि चिखलीचे वसावा अशी ही सहा घराणी होती.

१९०६ साली खानदेशाचे विभाजन होऊन पश्चिम खानदेश जिल्हा अस्तित्वात आला. १९३५ च्या भारत सरकार कायद्यानुसार आदिवासी प्रदेशांचे वगळलेली आणि अंशतः वगळलेली क्षेत्रे असे दोन वर्ग करण्यात आले. पश्चिम खानदेशातील नवापूर पेठा, अक्राणी महाल आणि मेवासी सरदारांची गावे अंशतः वगळलेल्या क्षेत्रांत आली. अशा क्षेत्रांत प्रांतिक विधिमंडळाचा कायदा गव्हर्नरच्या अधिसूचनेशिवाय लागू होत नसे. आदिवासींचे बाहेरच्या शोषणापासून रक्षण करणे हा या व्यवस्थेचा सांगितला जाणारा हेतू होता. प्रत्यक्षात तेथील रहिवाशांना स्वतःच्या कारभारात कोणताही आवाज नव्हता.

प्रतिनिधित्वाची स्थिती याहून वेगळी नव्हती. १९३५ च्या कायद्याने सर्व प्रांतांच्या विधानसभांत मिळून मागास क्षेत्रे व जमातींसाठी केवळ २४ जागा ठेवल्या. त्यांपैकी ९ आसामला, ७ बिहारला व ५ ओरिसाला होत्या. मुंबई प्रांताच्या १७५ सदस्यांच्या विधानसभेत अशी जागा एकच होती. ठाणे, नाशिक, खानदेशापासून पंचमहालापर्यंत पसरलेल्या आदिवासी लोकसंख्येच्या वाट्याला इतकेच प्रतिनिधित्व आले होते.

१९३७ साली अधिकारावर आलेल्या बाळासाहेब खेर मंत्रिमंडळाच्या काळात डी. सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याकडे मुंबई प्रांतातील अंशतः वगळलेल्या क्षेत्रांची पाहणी सोपवण्यात आली. १९३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालात सावकारी कर्ज, जमिनीचे हस्तांतर आणि वेठबिगारी यांची नोंद आहे. संरक्षित म्हणवल्या जाणाऱ्या क्षेत्रांतही जमिनी आदिवासींच्या हातून जात होत्या, हे त्यातून सरकारी दप्तरात नोंदले गेले.

याच सुमारास तळोदा तालुक्यातील मोरवड येथे गुलाम महाराजांची आप चळवळ उभी राहिली. दारू सोडणे, स्वच्छता पाळणे आणि परस्परांना आप असे आदराने संबोधणे हा तिचा आचारधर्म होता. १९३८ साली गुलाम महाराजांचे निधन झाल्यावर त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी ही चळवळ पुढे चालवली. बाहेरून आलेल्या सेवकांच्या कार्यास समांतर असे आदिवासींचे स्वतःचे नेतृत्व पश्चिम खानदेशात याच दशकात आकार घेत होते.

अलगता की समावेश

आदिवासींच्या भवितव्याविषयी १९४० च्या दशकात मोठा वाद झाला. मानववंशशास्त्रज्ञ व्हेरियर एल्विन यांनी आदिवासी संस्कृतीचे बाहेरच्या आक्रमणापासून रक्षण करण्याची भूमिका मांडली होती. मुंबई विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी १९४३ च्या आपल्या ग्रंथात आदिवासी हा स्वतंत्र समाज असल्याची कल्पनाच अमान्य केली आणि त्यांना हिंदू समाजाचा मागासलेला भाग मानले.

ठक्करांनी आपली भूमिका १९४१ साली पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत दिलेल्या रा. रा. काळे स्मृती व्याख्यानात मांडली. दारिद्र्य, निरक्षरता, अनारोग्य, वस्त्यांची दुर्गमता, प्रशासनातील दोष आणि नेतृत्वाचा अभाव ही आदिवासींच्या प्रश्नाची अंगे त्यांनी या व्याख्यानात विशद केली. आदिवासींना इतरांपासून वेगळे ठेवणे त्यांना मान्य नव्हते. शिक्षण व आर्थिक उन्नतीद्वारे त्यांना देशाच्या सार्वजनिक जीवनात बरोबरीचे स्थान मिळावे, असे त्यांचे प्रतिपादन होते. नेतृत्वाच्या अभावाचा त्यांनी केलेला उल्लेख पुढील घटनांच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. कारण काही वर्षांतच संविधान सभेत त्यांची गाठ एका समर्थ आदिवासी नेत्याशी पडली.

संविधान सभेची उपसमिती

संविधान सभेने जानेवारी १९४७ मध्ये मूलभूत हक्क, अल्पसंख्याक आणि आदिवासी क्षेत्रे यांविषयी सरदार वल्लभभाई पटेल यांच्या अध्यक्षतेखाली सल्लागार समिती नेमली. या समितीने आदिवासी क्षेत्रांसाठी स्वतंत्र उपसमित्या केल्या. ईशान्य सीमेवरील व आसाममधील क्षेत्रांसाठीच्या उपसमितीचे अध्यक्ष गोपीनाथ बारदोलोई होते, तर उर्वरित प्रांतांतील वगळलेल्या व अंशतः वगळलेल्या क्षेत्रांच्या उपसमितीचे अध्यक्षपद ठक्करांकडे देण्यात आले. त्या वेळी त्यांचे वय ७७ वर्षांचे होते. जयपालसिंह मुंडा, देवेंद्रनाथ सामंत, फुलभान शहा, जगजीवनराम, प्रफुल्लचंद्र घोष आदी तिचे सदस्य होते. उपसमितीने निरनिराळ्या प्रांतांत जाऊन साक्षी नोंदवल्या व १९४७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आपला अहवाल सादर केला. पुढे ठक्कर सौराष्ट्रातून संविधान सभेचे सदस्य झाले.

उपसमितीच्या प्रमुख शिफारशी पुढीलप्रमाणे होत्या.

गव्हर्नरच्या अखत्यारीतील वगळलेल्या क्षेत्रांची जुनी पद्धत बंद करावी आणि या प्रदेशांची जबाबदारी लोकनियुक्त सरकारवर असावी.

संरक्षणाचा विचार केवळ विशिष्ट प्रदेशापुरता न करता मैदानी भागात राहणाऱ्या आदिवासींनाही एकाच समाजाचा भाग मानावे.

संयुक्त मतदारसंघांतून, लोकसंख्येच्या प्रमाणात, विधिमंडळांत त्यांच्यासाठी जागा राखून ठेवाव्यात.

प्रांतांत जनजाती सल्लागार परिषदा स्थापन कराव्यात.

आदिवासींच्या जमिनीच्या हस्तांतरावर आणि सावकारीवर निर्बंध घालावेत.

आदिवासी क्षेत्रांच्या विकासासाठी केंद्राने निधी द्यावा व कारभारावर देखरेख ठेवावी.

यांतील दुसरी शिफारस विशेष महत्त्वाची ठरली. जुन्या कायद्यात नकाशावर रेघ ओढून प्रदेश वगळला जाई. त्या रेघेबाहेरचा आदिवासी कायद्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नसे. उपसमितीने प्रदेशाबरोबर माणसांचीही नोंद घेतली. अनुसूचित क्षेत्रे आणि अनुसूचित जमाती या दोन स्वतंत्र संकल्पना राज्यघटनेत आल्या, त्यामागे हाच विचार होता.

पाचवी अनुसूची आणि जयपालसिंह

छोटा नागपूरचे जयपालसिंह मुंडा हे ऑक्सफर्डमध्ये शिकलेले, १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमधील भारतीय हॉकी संघाचे कर्णधार आणि आदिवासी महासभेचे अध्यक्ष होते. आदिवासी हे या देशाचे मूळ रहिवासी असून त्यांना त्याच नावाने घटनेत स्थान मिळावे, अशी त्यांची मागणी होती. डॉ. आंबेडकरांनी आदिवासी हा सर्वसाधारण शब्द असून त्याला निश्चित कायदेशीर अर्थ नाही, या कारणास्तव अनुसूचित जमाती ही संज्ञा कायम ठेवली. घटनेच्या इंग्रजी मजकुरात आदिवासी हा शब्द आला नाही. ठक्करांनी १९४८ साली स्थापन केलेल्या अखिल भारतीय संस्थेच्या नावातही आदिमजाती हा शब्द वापरला गेला.

दुसरा मतभेद अधिकाराविषयीचा होता. १९४८ च्या घटनेच्या मसुद्यात एखादा कायदा अनुसूचित क्षेत्राला लागू न करण्याचा निर्णय सल्लागार परिषदेच्या सल्ल्याशी जोडला होता. सप्टेंबर १९४९ मध्ये संविधान सभेपुढे आलेल्या सुधारित पाचव्या अनुसूचीत हा अधिकार राज्यपालांकडे गेला. राज्यपालांनी विनियम करताना परिषदेशी विचारविनिमय करावा, एवढी अट राहिली. तिचा सल्ला बंधनकारक उरला नाही. जयपालसिंहांनी परिषदेचे अधिकार कमी होण्यास आक्षेप घेतला. परंतु सुधारित मसुदाच मंजूर झाला.

२६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या राज्यघटनेत अनुच्छेद २४४ व पाचवी अनुसूची, अनुच्छेद २७५ मधील केंद्रीय अनुदान, अनुच्छेद ३३० व ३३२ मधील राखीव जागा आणि अनुच्छेद ३४२ मधील अनुसूचित जमातींची यादी अशा तरतुदी समाविष्ट झाल्या. राखीव जागांची मुदत आरंभी दहा वर्षांची होती. एवढ्या काळात इतर समाजाबरोबरचे अंतर बरेच कमी होईल, अशी त्यामागे अपेक्षा होती. प्रत्यक्षात ही मुदत वारंवार वाढवावी लागली असून १०४ व्या घटनादुरुस्तीनुसार ती २०३० पर्यंत आहे.

अखेरची वर्षे

१९४६ च्या नोआखालीतील हिंसाचारानंतर ठक्कर गांधींबरोबर तेथील शांतताकार्यात सहभागी झाले होते. कस्तुरबा गांधी स्मारक निधीच्या सचिवपदाचे कामही त्यांनी पाहिले. ऑक्टोबर १९४८ मध्ये त्यांनी भारतीय आदिमजाती सेवक संघाची स्थापना केली. डॉ. राजेंद्रप्रसाद हे या संघाचे अध्यक्ष होते. २० जानेवारी १९५१ रोजी भावनगर येथे वयाच्या ८१ व्या वर्षी ठक्करांचे निधन झाले. नव्या घटनेनुसार होणारी पहिली सार्वत्रिक निवडणूक त्यानंतर काही महिन्यांनी सुरू झाली. आदिवासी मतदारांनी राखीव जागांवर निवडून दिलेले प्रतिनिधी पाहणे त्यांच्या वाट्याला आले नाही.

नंदुरबार जिल्ह्यातील परिणाम

राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशाने पश्चिम खानदेशातील सातपुड्याचा आदिवासी पट्टा अनुसूचित क्षेत्रात आला. महाराष्ट्रातील अनुसूचित क्षेत्रे १९८५ च्या आदेशाने नव्याने निश्चित करण्यात आली. त्यानुसार नवापूर, तळोदा, अक्कलकुवा व अक्राणी हे तालुके पूर्णतः, तर नंदुरबार व शहादा हे तालुके अंशतः अनुसूचित क्षेत्रात आहेत. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १६,४८,२९५ असून तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के आहे. भिल्ल, पावरा, मावची, कोकणा, धानका हे येथील प्रमुख आदिवासी समाज होत.

नंदुरबार लोकसभा मतदारसंघ आणि जिल्ह्यातील अक्कलकुवा, शहादा, नंदुरबार व नवापूर हे चारही विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. माणिकराव गावित यांनी नंदुरबारचे लोकसभेत सलग नऊ वेळा प्रतिनिधित्व केले. एकेकाळी मेवासी सरदारांच्या पदव्या म्हणून सरकारी कागदांत येणारी पाडवी, वळवी, वसावे ही नावे आज मतदार याद्यांत आणि उमेदवारांच्या याद्यांत सर्रास आढळतात.

जमिनीच्या बाबतीतील अनुभव मात्र वेगळा आहे. पाचव्या अनुसूचीत जमीन हस्तांतरावर निर्बंध घालण्याचा अधिकार असूनही शहादा परिसरातील आदिवासींच्या जमिनी इतरांकडे जात राहिल्या. १९७० च्या दशकाच्या आरंभी अंबरसिंग सुरतवंती यांच्या नेतृत्वाखाली आणि पुढे श्रमिक संघटनेच्या माध्यमातून या प्रश्नावर आंदोलन उभे राहिले. आदिवासींच्या जमिनी परत करण्याविषयीचा महाराष्ट्राचा कायदा १९७४ चा, म्हणजे घटना लागू झाल्यानंतर २४ वर्षांनी झालेला आहे. सरदार सरोवर धरणाच्या बुडीत क्षेत्रात अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील ३३ गावे आली, तेव्हाही अनुसूचित क्षेत्रातील ग्रामस्थांना पुनर्वसनासाठी दीर्घ लढा द्यावा लागला. ग्रामसभेला निर्णयप्रक्रियेत स्थान देणारा पेसा कायदा १९९६ साली आला. परिषदेच्या सल्ल्याला वजन असावे की नसावे, हा १९४९ मधील प्रश्न या कायद्याने ग्रामसभेच्या पातळीवर पुन्हा पुढे आणला.

मूल्यमापन

ठक्कर हे आदिवासी नव्हते आणि त्यांचे कार्य सेवाभावाच्या परंपरेतील होते. आदिवासींच्या राहणीत सुधारणा घडवण्याचा त्यांचा दृष्टिकोन पालकत्वाचा असल्याची टीका अभ्यासकांनी केली आहे. संस्कृती व ओळख यांपेक्षा दारिद्र्य व शिक्षण यांवर त्यांचा भर राहिला. तथापि दाहोदच्या आश्रमशाळेपासून संविधान सभेपर्यंतच्या प्रवासात त्यांनी एक गोष्ट सातत्याने मांडली, ती म्हणजे आदिवासींचे रक्षण त्यांना दूर ठेवून होत नाही. मुंबई विधानसभेतील एका जागेपासून लोकसंख्येच्या प्रमाणात प्रतिनिधित्वापर्यंतचा बदल हा त्या भूमिकेचा ठोस परिणाम होय. प्रतिनिधित्व मिळाल्यानंतर प्रत्यक्ष निर्णयाधिकार किती मिळाला, हा प्रश्न त्यांच्या उपसमितीच्या अहवालाने पूर्णपणे सोडवला नाही.

स्मृती

भारतीय टपाल खात्याने १९६९ साली, ठक्करांच्या जन्मशताब्दीनिमित्त, त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. मुंबईतील चेंबूर-कुर्ला परिसरातील ठक्कर बाप्पा कॉलनी आणि चेन्नईतील ठक्कर बाप्पा विद्यालय यांना त्यांचे नाव देण्यात आले आहे. महाराष्ट्र शासनाच्या आदिवासी विकास विभागामार्फत ठक्कर बाप्पा आदिवासी वस्ती सुधारणा कार्यक्रम राबवला जातो. आदिवासी वाड्या-पाड्यांत रस्ते, पिण्याचे पाणी, वीज यांसारख्या सोयी करणे हे या कार्यक्रमाचे उद्दिष्ट आहे.